शूशूला तीन दिवसांची मुदत

"जो ट्रे तीन दिवस भरलेला परत येईल, तो चौथ्या दिवशी मांडायचा नाही," जोझियान म्हणाली, आणि नुसतं म्हणून थांबली नाही. तिने तो नियम स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूने लिहूनही टाकला.

इदालिनाबाईंनी फळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या मोठ्या पातेल्यात लसूण परतत होत्या. "आपल्याकडे भरलेलं काही परत येत नाही," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत आलेलं नाही. ताटं इतकी चाटूनपुसून येतात की धुवायची म्हणून धुवायची."

"ते तू वाढत होतीस म्हणून, आई. आता लोक आपल्या हाताने घेणार."

"तेच तर म्हणतेय मी. आपल्या हाताने घ्यायचं म्हणजे माणसं जेवायला येणार की बाजाराला?"

हा वाद महिनाभर चालला होता आणि बाई तो हरल्या होत्या. जोझियान मोठ्या शहरात जाऊन खानावळ चालवण्याचं शिक्षण घेऊन आली होती, पण बाईंना हरवलं ते त्या शिक्षणाने नव्हे, त्यांच्या उजव्या खांद्याने. रोज साठ-सत्तर ताटं वाढून वाढून खांदा असा धरला होता की डॉक्टरांनी डाव उचलायलाच बंदी केली. मग पेद्रा मान्सा गावातल्या बसथांब्यासमोरच्या त्या खानावळीत गरम पाण्यावर ठेवायचे स्टीलचे लांबलचक ट्रे आले, एका टोकाला रिकाम्या ताटांची चवड आली आणि बुफे सुरू झाला.

तोपर्यंतची रीत साधी होती. माणूस येऊन बसला की बाई त्याला काही विचारत नसत. भात, त्यावर घेवडा, बाजूला मांसाचा तुकडा, परतलेली पालेभाजी आणि कडेला डावभर शूशू, असं ताट त्याच्यापुढे येई. तो ते खाई, तोंड पुसून म्हणे, "देव तुमचं भलं करो, दोना इदालिना," आणि जाई. कुणाला काय आवडतं हा प्रश्नच नव्हता.

आता शूशूबद्दल सांगायला हवं. फिकट हिरवं, मुठीएवढं, सुरकुतलेलं असं ते वेलावरचं फळ असतं. त्याची भाजी करतात. त्याला वास नाही, रंग असून नसल्यासारखा, आणि चवीबद्दल तिथला, म्हणजे मिनास प्रांतातला माणूस एवढंच म्हणतो की पोटाला हलकं असतं. शूशू कुणी विकत घेत नाही, ते कुणीतरी आणून देतं. एका वेलाला इतकी लागतात की हंगामात लोक शेजाऱ्याच्या दारात पिशवी ठेवून पळ काढतात.

इदालिनाबाईंच्या परसातला वेल त्यांच्या नवऱ्याने, नेस्तोरने लावला होता. खानावळ उघडली त्याच वर्षी. नेस्तोर जाऊन चार वर्षं झाली. त्याची सायकल विकली गेली, कपडे चर्चमध्ये दिले गेले, पण वेल काही केल्या थांबला नाही. नेस्तोर रोज दुपारी स्वयंपाकघराजवळच्या टेबलाशी बसून शूशू खायचा, आणि बाई रोज ते करत राहिल्या. शूशू टेबलावरून गेलं तर नेस्तोर दुसऱ्यांदा जेवणावरून उठून जाईल, असं त्यांना वाटत होतं. हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या. जोझियानला तर नाहीच नाही.

पहिल्या दिवशी, मंगळवारी, बरोबर अकराला जोझियानने घंटा वाजवली. "या, मंडळी! ताट घ्या, हवं ते घ्या, हवं तेवढं घ्या!"

कुणी जागचं हललं नाही. सगळे मांडीवर हात ठेवून बसले होते. पेद्रा मान्सात पहिलं उठणं म्हणजे हावरटपणा, आणि हावरट म्हणवून घ्यायला कुणीच तयार नव्हतं.

"सेउ वाल्दोमिरो, तुम्ही व्हा पुढे," औषधांच्या दुकानाचे मालक अबिलियो म्हणाले.

"छे, छे. माझं काय, मला भूकच नाही," वाल्दोमिरो म्हणाले. हे निवृत्त पोस्टमन; 'सेउ' म्हणजे तिकडचं 'राव', जसं 'दोना' म्हणजे 'बाई'. पोस्टात असल्यापासून रोज इथेच जेवत आलेले, आणि त्या क्षणी त्यांच्या पोटातला आवाज तीन टेबलं पलीकडे ऐकू जात होता. "आधी दोना जुरेमा."

दोना जुरेमा म्हणजे बाईंच्या शेजारीण, निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं मुलांच्या रांगा लावलेल्या त्या बाईने पाच मिनिटं हा प्रकार पाहिला, मग उठून टाळी वाजवली आणि सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. स्वतः मात्र सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

इदालिनाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. वाल्दोमिरोंनी भात घेतला, घेवडा घेतला, भेंडी घातलेली कोंबडी दोनदा घेतली. शूशूच्या ट्रेपाशी आल्यावर त्यांचा हात डावापर्यंत गेला, जरासा घुटमळला आणि पुढच्या कुरकुरीत डुकराच्या तुकड्यांकडे वळला. त्यांच्यामागे अबिलियो. तेही वळले. मग बसचा ड्रायव्हर, बँकेतल्या दोघी, केस कापणारा, सगळे वळले. एकामागून एक, अगदी नम्रपणे.

बाईंना घरात राहवलं नाही. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या... पदर कसला, अ‍ॅप्रनच तो, पण पुसण्यातला जोर तोच. "सेउ वाल्दोमिरो, शूशू नाही घेतलंत?"

"घेणार आहे ना! दुसऱ्या फेरीला ठेवलंय."

दुसऱ्या फेरीला वाल्दोमिरोंनी डुकराचे तुकडे घेतले. तिसऱ्या फेरीला पेरूची वडी आणि चीज. पेद्रा मान्सात 'नको' हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. तिथे माणूस 'नंतर घेतो' म्हणतो, आणि ते नंतर त्याच्या आयुष्यात कधी येत नाही.

दुपारी जोझियान ट्रे उचलायला आली तेव्हा चक्रावलीच. "आई, हे काय? कोंबडीची एकच तंगडी उरलीय. इथे मांसाचा एकच तुकडा. भजं एकच! मोजून ठेवल्यासारखं?"

"शेवटचं कोण घेणार, अगं? लाज नाही का वाटणार?"

शूशूच्या ट्रेमध्ये मात्र तसं काही नव्हतं. तो सकाळी गेला तसाच सपाट परत आला होता आणि त्यात डाव सकाळी खोचला तसाच उभा होता. जोझियानने खडू उचलला. तिने फळ्यावर शूशूच्या नावापुढे एक रेघ ओढली.

बाईंना रात्रीचं जेवण गेलं नाही. एकोणीस वर्षं गाव आपल्या हातचं खातंय असं त्या समजत होत्या. आता वाटत होतं, गाव खात नव्हतं, सोसत होतं. आणि एक भाजी सोसलेली असेल तर बाकीच्यांचं काय? माणसाच्या पोटात काय आहे ते कळायला बुफेसारखी वाईट सोय नाही, असं त्यांच्या मनात आलं. वाढणाऱ्याला निदान काही कळत तरी नसतं.

पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. बुधवारी त्यांनी शूशूचा ट्रे उचलला आणि रांगेत सगळ्यात पुढे, ताटांच्या चवडीला चिकटून ठेवला. "दिसत नसेल लोकांना," त्या जोझियानला म्हणाल्या. "मध्ये कुठेतरी कोंबून ठेवलं होतंस तू."

आता शूशू चुकवून ताट घेणं शक्यच नव्हतं. आणि वर बाई स्वतः खिडकीत उभ्या. अबिलियो आले, त्यांनी परिस्थिती पाहिली, ताट उचललं आणि सरळ दुसऱ्या टोकाला, गोडाच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"सेउ अबिलियो, रांग इकडून आहे," जोझियान म्हणाली.

"ठाऊक आहे, पोरी. पण मी आजकाल आधी गोड खातो. पचनाला बरं असतं."

औषधवाल्यानेच सांगितल्यावर कोण शंका घेणार? पचनाची काळजी अचानक सगळ्यांनाच वाटू लागली. त्यांच्यामागे बँकेतल्या दोघी गेल्या, केस कापणारा गेला. बाहेरगावची माणसं मात्र बसमधून उतरून नेहमीच्या टोकाने आली, कारण त्यांना बाईंच्या भावनांची कल्पना नव्हती. त्यांनी शूशूकडे पाहिलं, "हे काय आहे?" म्हणून विचारलं, "शूशू," असं ऐकलं आणि बिनदिक्कत पुढे गेली. दोन्ही रांगा घेवड्याच्या ट्रेपाशी समोरासमोर आल्या.

"तुम्ही व्हा पुढे," अबिलियो म्हणाले.

"नाही नाही, तुम्हीच या," समोरचा ड्रायव्हर म्हणाला.

"असं कसं? तुम्हाला बस न्यायचीय."

"बस काय, बस थांबते. तुम्ही वयाने मोठे."

दोन्ही बाजूंनी नम्रता इतकी होती की घेवड्यावर साय धरली. मागचे पुढच्यांना हळूच रेटू लागले. शेवटी अबिलियो आणि ड्रायव्हर दोघांनीही एकाच क्षणी, एकमेकांना वाट द्यायची म्हणून, एकाच बाजूला पाऊल टाकलं. ड्रायव्हरच्या ताटातली भेंडी घातलेली कोंबडी रश्शासकट अबिलियोंच्या दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र कोटावर गेली. मग सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली. ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनीही मागितली. बस वीस मिनिटं उशिरा सुटली, कारण तिचा ड्रायव्हर औषधवाल्याचा कोट लिंबू लावून पुसत बसला होता.

एवढ्या सगळ्या धामधुमीतही शूशूला कुणाचा धक्का लागला नाही. फळ्यावर दुसरी रेघ पडली.

त्या संध्याकाळी इदालिनाबाई परसात वेलाखाली स्टूल टाकून बसल्या. उद्यासाठी शूशू तोडायची होती, पण हात वर जाईना. "उद्याचा एकच दिवस आहे रे, नेस्तोर," त्या म्हणाल्या. "पोरगीचं काही चुकत नाही, शिकलीय ती. पण मी काय करू सांग." आणि त्यांना रडू आलं.

कुंपणापलीकडे दोना जुरेमा दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या लगेच घरात गेल्या, रुमालाने डोळे पुसले, आणि ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगायची नाही, अशी ताकीद देऊन फक्त अबिलियोंना सांगितली. अबिलियोंनी त्याच ताकिदीसह फक्त वाल्दोमिरोंना सांगितली. वाल्दोमिरो पस्तीस वर्षं पोस्टमन होते. सकाळी नऊपर्यंत ती घराघरात पोचली.

गुरुवारी अकराच्या आधीच रांग लागली. आणि ती योग्य टोकाने. दोना जुरेमा आज सगळ्यात पुढे होत्या. त्यांनी शूशू घेतलं. डावभर नव्हे, तीन डाव.

"दोना जुरेमा, एवढं?" जोझियान म्हणाली.

"काय करू, काल रात्री स्वप्नात आलं माझ्या."

वाल्दोमिरोंनी चार डाव घेतले. अबिलियोंनी भात काढून शूशूला जागा केली. ज्याला त्याला वाटत होतं की आपण एकट्यानेच हे करतोय आणि बाकी कुणी करणार नाही, म्हणून प्रत्येकाने दुसऱ्यांच्या वाटचंही घेतलं. साडेअकराला ट्रे रिकामा. आत धावपळ, दुसरा ट्रे. बाराला तोही रिकामा. बाईंनी कालची उरलेली, परवाची उरलेली, सगळी शूशू चुलीवर चढवली. आणि सगळ्यात मोठी नवलाई म्हणजे ट्रेमध्ये शेवटचा घास उरला तेव्हा वाल्दोमिरोंनी तोही खरवडून घेतला. पेद्रा मान्सात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

ताटं स्वच्छ परत आली. बाईंना आकाश ठेंगणं झालं. "बघितलंस?" त्या जोझियानला म्हणाल्या. "माणसांना वेळ द्यावा लागतो. उगीच रेघा ओढायच्या नसतात."

जोझियानने रेघा पुसल्या. ती नियमाची पक्की होती, तिने लगेच दुसरा नियम लिहिला: जो ट्रे साडेबाराच्या आत संपेल, तो दुसऱ्या दिवशी दुप्पट.

इथे गावाचं धाबं दणाणलं. एका दिवसाचं पुण्य म्हणून जे केलं ते आता रोजचं होऊन बसलं होतं. शुक्रवारी शूशूचे दोन ट्रे, शनिवारी चार. डुकराच्या तुकड्यांना जागा उरेना म्हणून ते एका बशीत कोपऱ्यात गेले, आणि लोक त्या बशीकडे आसुसून बघत शूशू वाढून घेत. बंद करायचं कुणी? पहिला जो थांबेल तो बाईंना रडवणारा ठरेल. वाल्दोमिरो शनिवारी शूशू खाता खाता मध्येच थांबून शून्यात बघत बसले होते.

शनिवारी दुपारी जोझियानने दारातल्या कुंड्यांना पाणी घातलं, तेव्हा माती वर आली नाही, शूशू वर आलं. तिने दुसरी कुंडी पाहिली. तिसरी पाहिली. टेबलाखाली रुमालाच्या पुरचुंड्या सापडल्या. अबिलियोंच्या धुतलेल्या कोटाचा खिसा का फुगला होता आणि दोना जुरेमांनी हातातली पर्स का सोडली नव्हती, हे तिला आत्ता कळलं. मागच्या दारी तिने एक पुरचुंडी बारोन कुत्र्यापुढे सोडली. बारोनने हुंगलं, जोझियानकडे दुखावल्यासारखं पाहिलं आणि निघून गेला.

जोझियान कितीही शिकली तरी पेद्रा मान्साचीच. तिने कुंड्या मागच्या अंगणात नेऊन रिकाम्या केल्या, रविवारी ट्रे दुप्पट न करता चारच ठेवायचे ठरवले आणि आईला काही सांगितलं नाही. एवढंच केलं की रविवारी सकाळी आईच्या अ‍ॅप्रनची गाठ सोडली आणि म्हणाली, "आई, आज तू बाहेर जेवायचं. रांगेत उभं राहून, ताट घेऊन. मालकिणीने आठवड्यातून एकदा गिऱ्हाईक व्हायचं असतं, असं आम्हाला शिकवलंय."

"वेडी की काय? मी चुलीपाशी उभ्याने जेवते. एकोणीस वर्षं तशीच जेवतेय."

"म्हणूनच."

बाईंनी बरंच नको-नको केलं, पण मनातून त्यांना गंमत वाटत होती. रविवारी प्रार्थना आटोपून आलेलं सगळं गाव खानावळीत होतं. बाई केस विंचरून, चांगला झगा घालून बाहेर आल्या तेव्हा लोकांनी उठून त्यांना रांगेत पुढे केलं, आणि चमत्कार असा की त्या पुढे झाल्या. त्यांनी ताट उचललं. रिकामं ताट हातात धरून ट्रेंच्या या बाजूला त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. त्यांना एकदम लाजल्यासारखं झालं. इतकं सगळं, आणि यातलं आपल्याला काय हवंय हे कुणीतरी विचारतंय. त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी भात घेतला. घेवडा घेतला. भेंडीची कोंबडी घेतली, तिच्यातली रश्शाखालची मऊ भेंडी हुडकून घेतली. पालेभाजी घेतली. कोपऱ्यातल्या बशीतले डुकराचे दोन तुकडे घेतले, क्षणभर थांबल्या आणि तिसराही घेतला. नेस्तोरच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि काटा उचलला.

खानावळीत चिडीचूप झालं होतं. बाईंना वाटलं, आपल्याला मान म्हणून. त्यांनी हसून आजूबाजूला पाहिलं. सगळे त्यांच्या ताटाकडे बघत होते.

"दोना इदालिना," जुरेमाबाई हळूच म्हणाल्या, "काहीतरी राहिलं का?"

बाईंनी ताटाकडे पाहिलं. ताटात शूशू नव्हतं. रांगेच्या सुरुवातीला चार ट्रे भरून वाफाळत होतं, आणि त्या त्याच्यावरून गेल्या होत्या, अगदी मंगळवारी वाल्दोमिरो गेले होते तशा. त्यांचे कान तापले. त्या उठल्या, पहिल्या ट्रेमधून एक डाव घेऊन आल्या, बसल्या आणि सगळ्या गावासमोर पहिला घास तोंडात घातला.

चावता चावता त्या थांबल्या.

"ह्यात मीठ नाही," त्या म्हणाल्या.

वाल्दोमिरो छताकडे बघू लागले.

"जोझियान, आज मीठ विसरलं का कुणी?"

"तूच केलंस, आई."

"मग... मीठ कधीपासून नाही? सेउ वाल्दोमिरो, तुम्हाला विचारतेय. छताला नाही."

वाल्दोमिरोंनी घसा साफ केला. "असतील ना... दहा-अकरा वर्षं."

"अकरा वर्षं! आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, वेल म्हातारा झाला."

"मला तर वाटलं, शूशू असंच लागतं," जुरेमाबाई म्हणाल्या. "कुणाच्या घरी शूशूला चव असते, सांगा बरं?"

"अकरा वर्षं," अबिलियो पुटपुटले आणि त्यांनी काटा खाली ठेवला. "अकराच. नेस्तोरला रक्तदाबाच्या गोळ्या चालू झाल्या ना तेव्हा. मीच दिल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं त्याचं."

आता इदालिनाबाईंना आठवलं. पहिले काही दिवस त्यांनी शूशूची दोन भांडी केली होती. एक गिऱ्हाइकांचं, एक छोटं बिनमिठाचं नेस्तोरचं. तिसऱ्या दिवशी नेस्तोरने छोटं भांडं बाजूला सारलं होतं. सगळ्यांचं एक नि माझं वेगळं, म्हणजे मी आता आजारी माणूस झालो, असं काहीतरी म्हणाला होता तो, आणि तोंड फिरवून बसला होता. चौथ्या दिवसापासून त्यांनी एकच भांडं केलं. एका भाजीत मीठ नसलं तर कुणाला कळणार आहे, चार दिवसांचा प्रश्न, असं म्हणून. नेस्तोरने सगळ्यांबरोबर, सगळ्यांचं खाल्लं आणि त्याचा चेहरा उजळला. चव बघतात ती मिठासाठी. जिच्यात मीठच घालायचं नाही तिची चव बाईंनी कधी बघितली नाही. भातात मीठ, घेवड्यात मीठ, आणि त्या एका भांड्यावरून हात आपोआप पुढे. नेस्तोर गेला, तरी हाताला कुणी ते सांगितलं नव्हतं.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "अकरा वर्षं सगळं गाव नेस्तोरचं पथ्य पाळतंय."

"आमचा रक्तदाब चांगलाय मात्र," अबिलियो म्हणाले.

कुणी हसलं, कुणाला हसावं की नाही कळेना. बाई उठल्या. आत गेल्या आणि मिठाचा डबा घेऊन आल्या. पहिल्या ट्रेपाशी उभं राहून त्यांनी मूठ भरली आणि मूठ ट्रेवर धरली. ती उघडेना. सगळे बघत होते. बाईंना फार एकटं वाटलं, नेस्तोर गेला त्या दिवशी वाटलं होतं त्याहूनही. त्या दिवशी निदान घरभर माणसं होती आणि कामं होती. मग त्यांनी डोळे मिटले आणि मूठ सोडली. आणखी एक मूठ घातली. अकरा वर्षांची भरपाई करायची तर थोड्याने काय होणार, म्हणून तिसरीही घातली आणि डाव्या हाताने ढवळलं.

"सेउ वाल्दोमिरो, या इकडे. ताट घेऊन."

वाल्दोमिरो ताट धरून उभे राहिले. डॉक्टरांची बंदी मोडून बाईंनी उजव्या हाताने डाव उचलला आणि त्यांना वाढलं, एकोणीस वर्षं वाढलं तसं. वाल्दोमिरोंनी उभ्या उभ्याच घास घेतला. त्यांचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले, मग पाणावले.

"कसं झालंय?"

"फारच छान," वाल्दोमिरो म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलून थेट तोंडाला लावला.

बाई डाव हातात धरून तशाच उभ्या होत्या. "सेउ वाल्दोमिरो," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या पाया पडते. खरं सांगा."

वाल्दोमिरोंनी जग खाली ठेवला. त्यांनी अबिलियोंकडे पाहिलं, जुरेमाबाईंकडे पाहिलं. कुणी मदतीला येत नव्हतं. पासष्ट वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडावर कधी असलं काही म्हटलं नव्हतं.

"खारट," ते म्हणाले. "खारट झालंय, दोना इदालिना. अगदी खाववत नाही."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलू लागले. जुरेमाबाई घाबरून पुढे धावल्या, पण जवळ गेल्यावर कळलं की त्या हसतायत. रडतही होत्या, पण हसणं जास्त होतं. कुणीतरी आपल्याला खरं सांगितलं, याचा एवढा आनंद होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मागे झुकून खुर्ची ओढली, डोळे पुसले आणि विचारलं, "आणि घेवडा? घेवड्याचं काय म्हणणं आहे?"

वाल्दोमिरोंनी ताट टेबलावर ठेवलं, रुमालाने तोंड पुसलं आणि बाईंसमोरची दुसरी खुर्ची ओढून घेतली.

"बसा, दोना इदालिना," ते म्हणाले. "जरा वेळ लागेल."